गोरोंगोरो रिकामं नाही : आफ्रिका सफारी काढणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांना खुले पत्र

प्रति,
पूर्व आफ्रिकेच्या सहली काढणाऱ्या मुंबई-पुण्याच्या पर्यटन संस्थांचे संचालक आणि सहल व्यवस्थापक यांस,

स.न.वि.वि.

टांझानियाच्या सहलींची तुमची नवी माहितीपत्रकं घरोघर पोचली आहेत. आमच्याकडेही एक आलं. त्यात गोरोंगोरो या विझलेल्या ज्वालामुखीच्या विवराभोवतीच्या प्रदेशाच्या पानावर ठळक अक्षरात ‘मानवाचा स्पर्श न झालेली भूमी’ असं छापलंय आणि त्याच पानाच्या तळाशी ‘मसाई गावाला भेट, अर्धा तास’. जिथे गाव आहे तिथे माणसाचा स्पर्श झालेला नाही, असं तुमच्यापैकी एकालाही छापताना खटकलं नाही याचं मला वाईट वाटलं. संबंधित संस्थेला मी आधी पत्र लिहिलं. ‘आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत’ एवढंच उत्तर आलं. मग इतर संस्थांची पत्रकं मागवून पाहिली. शब्द थोडे वेगळे, पण कल्पना तीच. म्हणून आता सगळ्यांना मिळून आणि उघडपणे लिहितो आहे. सहलीला निघालेल्या लोकांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे.

मला यात बोलायचा काय अधिकार, तेही सांगतो. मी निवृत्त पशुधन विकास अधिकारी आहे. जन्म माण तालुक्यातल्या धनगराच्या घरातला. दिवाळी झाली की आमची मेंढरं कोकणात उतरायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. वाटेत वन खात्याची माणसं अडवायची, दंड व्हायचा, कधी मेंढरं कोंडवाड्यात जायची. नोकरीला लागलो तेव्हा बुळकांडी (रिंडरपेस्ट) या गुरांच्या जीवघेण्या साथरोगाच्या निर्मूलनाची मोहीम जोरात होती आणि माझी उमेदीची वर्षं गावोगाव गुरांना लस टोचण्यात गेली. निवृत्तीनंतर पत्नीसह तुमच्यासारख्याच एका संस्थेबरोबर टांझानियाला गेलो. ज्या मसाई गुराख्यांच्या जनावरांबद्दल आयुष्यभर पुस्तकांत वाचलं, ती माणसं आणि ती जनावरं तिथे पाहिली. त्यानंतर तिथल्या बातम्या वाचायचं मी सोडलेलं नाही.

बुळकांडीपासूनच सुरुवात करतो, कारण तुम्ही जे दाखवायला लोकांना नेता त्याचं मूळ तिथे आहे.

१८८० च्या दशकाच्या अखेरीला इटालियन सैन्याच्या रसदीसाठी आणलेल्या गुरांबरोबर हा रोग लाल समुद्राच्या किनाऱ्यावरून आफ्रिकेत शिरला. ती गुरं भारतातून गेली असावीत असं बहुतेक इतिहासकार मानतात. दोन-तीन वर्षांत साथ दक्षिणेला मसाई मुलखात पोचली आणि कळपच्या कळप आडवे झाले. पाठोपाठ देवी आल्या, दुष्काळ आला. मसाई त्या काळाला ‘एमुताई’, म्हणजे सर्वनाश, म्हणतात. १८९२ साली ऑस्कर बाउमान हा ऑस्ट्रियन प्रवासी गोरोंगोरोच्या विवरात उतरला तेव्हा त्याला हाडांचे सापळे झालेले मसाई भेटले. युरोपीय सत्ता आली ती या पडझडीवर. जर्मनांनी तो मुलूख ताब्यात घेतला, विवराच्या तळाशी एका जर्मन वसाहतवाल्याने शेतवाडीही थाटली. पुढे इंग्रज आले. त्यांना जे माळ मोकळे दिसले, ते रोगाने आणि उपासमारीने मोकळे केलेले होते. तुमच्या पत्रकातली ‘अस्पर्श भूमी’ ही कल्पना त्यांच्याकडून चालत आली आहे.

आता त्याच रोगाची दुसरी बाजू. १९५०-६० च्या दशकांत पूर्व आफ्रिकेत गुरांना बुळकांडीची लस टोचली गेली. गुरांतला रोग थांबला, तसा वाइल्डबीस्ट या कळपाने फिरणाऱ्या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांमधलाही थांबला, कारण त्यांच्याकडे तो गुरांकडूनच येत होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गोरोंगोरोला लागून असलेल्या सेरेनगेटीच्या माळांवर वाइल्डबीस्ट अडीच लाखांच्या आसपास होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीला ते तेरा लाखांच्या घरात गेले. त्यांच्या कळपांच्या ज्या ‘महास्थलांतरा’साठी माणशी काही लाख रुपये घेऊन तुम्ही लोकांना नेता, ते आजच्या आकाराचं झालं ते गुराख्यांच्या गायींना टोचलेल्या लशीमुळे. मी स्वतः हजारो गुरांना ती लस टोचलेली आहे आणि सबंध जगातून हा रोग गेल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं तो दिवस मला अजून आठवतो. त्यामुळे हे कुठल्याही माहितीपत्रकात नसावं याचा मला त्रास होतो.

आणि त्याची किंमत मसाईंनीच मोजली. जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत वाइल्डबीस्ट नडुटूच्या बाजूच्या आखूड गवताच्या माळावर वितात. त्यांच्या पाडसांपासून गुरांना एक जीवघेणा ताप लागतो, त्यावर उपचार नाही. म्हणून पावसाळ्यातलं सगळ्यात सकस गवत डोळ्यांसमोर असताना मसाई आपली गुरं तिथून काढून उंचावरच्या गार, गोचिडांच्या रानात नेतात. वाइल्डबीस्ट पाचपट झाले, तेव्हा हे माळ वर्षातले कित्येक आठवडे गुरांना बंद झाले. इतकी वर्षं ते वन्य प्राण्यांना वाट देत आले आहेत. ‘गुरांमुळे वन्य जीवन धोक्यात’ हे वाक्य तुमचा सहल व्यवस्थापक गाडीत सहज बोलून जातो, तेव्हा निदान एवढं त्याला माहीत असायला हवं.

गवताचंही तसंच. मसाई जुनं, राठ गवत जाळायचे. त्याने गोचीड मरायचे आणि कोवळं गवत यायचं. १९७० च्या दशकात जाळण्यावर बंदी आली. विवरात राठ गवत माजलं, गोचीड वाढले, आणि २००० च्या दुष्काळानंतर तिथे रानरेडे मोठ्या संख्येने मेले. त्यानंतर गोरोंगोरोचा कारभार पाहणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने स्वतःच ठरवून गवत जाळायला सुरुवात केली. ज्यांना हे पिढ्यानपिढ्या माहीत होतं त्यांना तोपर्यंत विवरातून बाहेर काढून पाव शतक झालं होतं.

मसाई तिथे आदिकाळापासून आहेत असं मी म्हणत नाही. त्यांच्या आधी त्या डोंगराळ भागात दातोगा गुराखी होते, एकोणिसाव्या शतकात मसाईंनी त्यांना मागे रेटलं. दातोगा आजही एयासी सरोवराच्या बाजूला आहेत. तिथेच शिकार आणि कंदमुळांवर जगणारे हाद्झा आहेत, जेमतेम हजार-बाराशे. शेजारी करातूच्या बाजूला इराक्व शेतकरी, उत्तरेला लोलियोंडोत सोंजो. एन्गारुकाला पाटाच्या पाण्यावर शेती करणारी मोठी वस्ती होती, तिचे दगडी बांध अजून शाबूत आहेत. त्याच परिसरात लाएटोलीला ३६ लाख वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजांच्या पावलांचे ठसे सापडले. जगाच्या पाठीवर माणसाच्या स्पर्शाच्या सगळ्यात जुन्या खुणांपैकी काही जिथे सापडतात, त्या जागेबद्दल तुम्ही नेमकं उलटं छापता.

आता राज्यकारभाराकडे येतो, कारण आजचं दुखणं तिथलं आहे.

१९५९ साली इंग्रजांनी सेरेनगेटीचे दोन भाग केले. पश्चिमेच्या भागात राष्ट्रीय उद्यान राहिलं, तिथून मसाईंनी निघायचं. बदल्यात पूर्वेकडचं सुमारे ८,३०० चौरस किलोमीटरचं गोरोंगोरो संवर्धन क्षेत्र, जिथे माणसं, गुरं आणि वन्य प्राणी एकत्र राहतील. त्या वर्षी टांगानिकाच्या (आजच्या टांझानियाच्या मुख्य भूभागाच्या) गव्हर्नरने मसाईंच्या परिषदेसमोर सांगितलं होतं की विवराचा विकास तिथल्या लोकांच्या हितासाठी होईल, आणि प्राणी व माणूस यांच्या हितात कधी तंटा आलाच तर माणसाचं हित वरचढ राहील. पाण्याच्या सोयीचंही आश्वासन होतं. बांधलेल्या बंधाऱ्यांपैकी आणि विहिरींपैकी बरंच काही थोड्याच वर्षांत निकामी झालं.

मग एकेक गोष्ट जात राहिली. १९७० च्या दशकाच्या मध्याला विवराच्या तळावरच्या वस्त्या उठवल्या. १९७५ मध्ये शेतीवर बंदी आली. १९९२ मध्ये ती उठवली, कारण लोक उपाशी होते. २००९ मध्ये पुन्हा बंदी. खारट मातीसाठी आणि पाण्यासाठी विवरात गुरं उतरवण्याची मुभा होती, तीही पुढे काढून घेतली. १९७९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. एका अर्थी त्यामुळेच तुमचा धंदा उभा राहिला. त्याच दर्जाचं नाव घेऊन गुराख्यांवर बंधनं वाढत गेली. माणसांना हलवा असं आम्ही कधीच सांगितलेलं नाही, असं युनेस्कोला २०२२ मध्ये जाहीर करावं लागलं.

त्याच २०२२ च्या जूनमध्ये लोलियोंडोत १,५०० चौरस किलोमीटर चराई जमीन गावांपासून तोडून राखीव करण्यासाठी सशस्त्र पोलीस आणि सीमेचे खांब आले. लोकांनी खांब उपटले, गोळीबार झाला, अनेक जखमी झाले, एक पोलीस मारला गेला, आणि हजारो लोक सीमा ओलांडून केनियात पळाले. तो भाग आता पोलोलेती राखीव क्षेत्र म्हणून ओळखला जातो. पूर्व आफ्रिकी न्यायालयाने गावांचा दावा आधी फेटाळला, मग २०२३ मध्ये अपिलात तो निकाल रद्द होऊन फेरसुनावणीचा आदेश झाला. या भागाला लागून असलेले तंबू-मुक्काम तुमच्यातल्या काहींच्या महागड्या सहलींत आहेत.

गोरोंगोरोत बंदूक कमी आणि कागद जास्त वापरला गेला, आणि मला तो प्रकार अधिक क्रूर वाटतो. तिथे जिल्हा परिषद आहे, वॉर्ड आहेत, गावं आहेत, गावांचे निवडलेले अध्यक्ष आहेत. पण घर दुरुस्त करायचं किंवा शाळेला संडास बांधायचा तर परवानगी प्राधिकरणाची. २०२२ पासून ही परवानगी मिळणं जवळपास बंद झालं. शाळांसाठी आलेला निधी सहाशे किलोमीटरवरच्या हंदेनी जिल्ह्याकडे वळवला गेला. दुर्गम वस्त्यांत विमानाने औषधं आणि लस पोचवणारी सेवा थांबवली गेली, एंडुलेनच्या रुग्णालयातल्या सोयी कमी केल्या गेल्या. आणि हे सगळं चालू असताना लोकांना सांगितलं गेलं की हंदेनीतल्या म्सोमेराला तुमच्यासाठी घरं बांधली आहेत, ‘स्वेच्छेने’ चला. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ८२,००० लोकांना हलवायचा बेत आहे. म्सोमेरातही आधीपासून लोक राहत होते, त्यांच्या जमिनीतूनच या नव्या लोकांना वाटे दिले गेले. दवाखाना बंद करून मग घ्यायची संमती ही संमती नव्हे, हे सरकारी नोकरीत तीस वर्षांहून अधिक काळ काढलेला माणूस म्हणून मी ठामपणे सांगू शकतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कळस झाला. एका राजपत्रित सूचनेने गोरोंगोरोतले ११ वॉर्ड, २५ गावं आणि ९६ वाड्या एका फटक्यात रद्द झाल्या. लोक होते तिथेच होते, गुरं दारात होती, पण सरकारी दप्तरात गाव उरलं नाही. मतदार यादीतून नावं गेली. १८ ऑगस्टपासून हजारो मसाई, बायका आणि म्हातारी माणसंसुद्धा, सेरेनगेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बसून राहिले, कित्येक दिवस. त्यांनी कुणालाही इजा केली नाही. अरुशाच्या उच्च न्यायालयाने सूचनेला स्थगिती दिली आणि सरकारला मतदानाचा हक्क परत देत असल्याचं जाहीर करावं लागलं. डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांनी मसाई प्रतिनिधींना भेटून दोन चौकशी आयोगांची घोषणा केली, एक जमिनीच्या तंट्यांवर, दुसरा स्थलांतरावर.

तुमच्या गाड्या ज्या रस्त्यावर अडल्या तो हाच रस्ता. त्या दिवसांत तिथे असलेल्या एका मराठी गटातले लोक माझ्या ओळखीचे आहेत. ‘स्थानिकांचं काहीतरी भांडण आहे, दोन दिवसांत मिटेल’, एवढंच त्यांना सांगण्यात आलं. कशासाठी बसलेत ते कळलं असतं तर आमच्या लोकांनी गाडीतून उतरून त्यांना पाणी दिलं असतं, याची मला खात्री आहे.

लोकसंख्येचा मुद्दा तुम्ही काढाल, म्हणून त्याचंही बोलतो. १९५९ मध्ये तिथे आठेक हजार लोक होते, आज एक लाखाच्या पुढे आहेत. जमिनीवर ताण आहे, माणशी गुरं कमी झाली आहेत, दुधावर घर चालत नाही आणि मका विकत घ्यावा लागतो. हे नाकारून चालणार नाही. पण याच वर्षांत विवराच्या काठावर हॉटेलं उभी राहिली, त्यांना पाणी लागतं, जळण लागतं, रस्ते लागतात. मोसमात विवराच्या तळाशी एका सिंहाभोवती किती गाड्या गोळा होतात ते तुम्हीही पाहता. ताणाचा हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंचा मांडायला हवा, आणि मांडताना गुराखी समोर बसलेला हवा. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने निदान एवढं मान्य केलं की अभयारण्यातून कुणाला हलवायचं तर ग्रामसभेची संमती लागते. ते पाळलं किती जातं हा वेगळा झगडा आहे, पण तत्त्व कायद्यात आहे.

आता माझा स्वतःचा अनुभव, कारण तुमच्याविरुद्धची माझी मुख्य तक्रार त्यातून आली. मसाई बोमात, म्हणजे कुंपणाने वेढलेल्या त्यांच्या वस्तीत, आमचा गट पोचला, उड्यांचा नाच झाला, मण्यांच्या माळांची विक्री सुरू झाली. मी गुरांचा डॉक्टर आहे हे एका तरुणाने आतल्या म्हाताऱ्या गृहस्थांना सांगितलं. ते काठी टेकत आले, माझा हात धरला आणि मला मागच्या कुंपणात घेऊन गेले. एक गाभण गाय उभी होती, कानामागच्या गाठी सुजलेल्या, अंग तापलेलं. गोचिडापासून होणारा ताप असावा. आम्ही दोघांनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. तरुण मध्ये बोलून सांगत होता. कोणतं औषध मिळतं, कुठे मिळतं, किती लांब जावं लागतं, हे ते सांगायला लागले तोच बाहेरून हाका सुरू झाल्या, वेळ संपली म्हणून. मी पाच मिनिटं मागितली, मिळाली नाहीत. त्या म्हाताऱ्या माणसाने माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. आपल्या गायीबद्दल जाणत्याशी बोलायचं होतं, एवढंच. त्या माणसाला तुम्ही अर्ध्या तासाचा देखावा केलंत, आणि पैसे मोजून तो देखावा पाहणाऱ्यांत मीही बसलो होतो, म्हणून हे लिहिणं मला टाळता येत नाही.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

‘मानवाचा स्पर्श न झालेली’, ‘निर्मनुष्य’ असली वाक्यं पुढच्या पत्रकातून आणि संकेतस्थळांवरून काढा. त्या जागी निदान एक परिच्छेद तिथल्या लोकांबद्दल द्या, ज्यात मसाई, दातोगा आणि हाद्झा ही नावं असतील, १९५९ चं वचन असेल आणि २०२२ नंतर काय घडलं ते असेल. मजकूर लिहून हवा असेल तर मी विनामूल्य लिहून देतो आणि अभ्यासकांकडून तपासूनही घेतो.

सहल व्यवस्थापकांना निघण्यापूर्वी या प्रदेशाचा इतिहास शिकवा. प्राण्यांची नावं त्यांना उत्तम येतात, माणसांबद्दल विचारलं की ते गप्प होतात.

बोमाची भेट ठेवायची तर अर्धा दिवस ठेवा, गट लहान ठेवा, आणि पैसा गाडीवानामार्फत न देता गावाच्या पंचायतीला आणि मणिकाम करणाऱ्या बायकांना थेट द्या. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही, हे बसमध्येच सांगा.

पोलोलेतीच्या जमिनीचा दावा निकाली निघेपर्यंत तिथले मुक्काम विकू नका. इतर ठिकाणीही मुक्काम ठरवताना जमीन कोणाची आणि गावाला त्यातून काय मिळतं हे तिथल्या भागीदार कंपनीला लेखी विचारा. तुम्ही वर्षाला शेकडो खोल्या घेता, तुम्हाला उत्तर द्यावंच लागेल.

आणि सर्वांनी मिळून एक पत्र पाठवा, दिल्लीतल्या टांझानियाच्या उच्चायुक्तालयाला आणि गोरोंगोरोच्या प्राधिकरणाला. त्यात तीन गोष्टी मागा. दवाखाने, शाळा आणि विमानाने औषधं पोचवणारी सेवा पूर्ववत करावी. गावसभेच्या खुल्या संमतीशिवाय एकाही घराला हलवू नये. दोन्ही आयोगांचे निष्कर्ष स्वाहिली आणि मसाईंच्या मा भाषेत गावोगाव वाचून दाखवावेत. एका सामान्य निवृत्ताच्या पत्राला तिथे कोण विचारणार, पण दर मोसमाला डॉलर घेऊन येणाऱ्या संस्थांच्या पत्राला वजन आहे. पर्यटकांसाठी जागा मोकळी करायची असं कारण पुढे केलं जात असेल, तर आम्हाला अशी मोकळी केलेली जागा नको, हे पर्यटकांना नेणाऱ्यांनीच सांगायला हवं.

सहलीला निघालेल्यांना एवढीच विनंती, की पैसे भरण्यापूर्वी आपल्या संस्थेला यातले प्रश्न विचारा. जाऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर जा, तो मुलूख पाहण्यासारखा आहे.

पुढच्या उन्हाळी सुट्टीची पत्रकं छापायला जाण्याआधी आपण लेखी उत्तर द्यावं. जे उत्तर येईल ते मी याच ठिकाणी जसंच्या तसं प्रसिद्ध करीन, आणि ज्या संस्था बदल करतील त्यांची नावं आनंदाने कळवीन.

कळावे,
आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी
ता. माण, जि. सातारा